रोबोटिक शस्त्रक्रियेचा क्लेम : नकार मिळाला तर?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. किडनीत कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा हृदयविकारामुळे ऑपरेशन टाळून रेडिएशन दिले. तो क्लेम मंजूर झाला. आता गाठ पुन्हा वाढते आहे. परळचे सर्जन म्हणतात, रोबोटच्या मदतीने फक्त गाठ काढू, किडनी राहील. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेने) मात्र ‘साध्या ऑपरेशनचेच पैसे मिळतील’ असे सांगून कॅशलेस नाकारले. पॉलिसी ७ वर्षे सलग चालू आहे. काय करावे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम बुडाला असे नाही. पैशांची सोय होत असेल तर ऑपरेशन लांबवू नका. बिल भरून रिइम्बर्समेंटचा क्लेम करा.

विमा नियामक ‘इर्डा’ने २०१९मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी केली. त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. हे उपचार कंपनीला सरसकट वगळता येत नाहीत, मर्यादा मात्र घालता येते. पॉलिसीत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’चे कलम शोधा. तिथे रक्कम किंवा टक्केवारी छापलेली असेल, तर त्यापलीकडचा खर्च तुमच्या खिशातून जाईल. तशी मर्यादा नसेल, तर कपात कोणत्या कलमाने केली ते लेखी मागा.

पुढचा वाद ‘रोबोटची गरज होती का’ यावर होईल. त्यासाठी सर्जनचे सविस्तर पत्र घ्या. गाठ वाढल्याचे आधीचे-नंतरचे स्कॅन, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तचाचणी), दुसऱ्या किडनीची अवस्था, रेडिएशनचा आसपासच्या भागावर झालेला परिणाम आणि म्हणून हीच पद्धत का, हे त्यात हवे. टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घेतले असेल तर तेही जोडा. बिलात रोबोटचे शुल्क वेगळे दाखवून घ्या, म्हणजे वाद तेवढ्यापुरताच राहील.

‘जुना आजार लपवला’ असा मुद्दा निघालाच, तर सलग ६० महिने पूर्ण झालेल्या विमा रकमेवर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला त्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवरील विमा लोकपालांकडे त्यानंतर वर्षाच्या आत जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. मात्र नकार फोनवर दिला असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. तो कारणासह ईमेलवर मागून घ्या.