आकाशातून पडताना

मुलांनो, विमानातून उडी घेतलेला माणूस हवाई छत्री उघडेपर्यंत दगडासारखा पडतो, असे तुम्हांला वाटते ना? तसे नाही. पोटावर आडवे होऊन हातपाय पसरले, तर हवा अडवते व वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर राहतो. डोके खाली व पाय वर केले, तर तो २५० च्याही पुढे जातो.

समजा, असे उलटे पडताना एकाचा तोल गेला व तो आडवा झाला. पाण्यात दाबलेले बूच सोडावे, तसा तो सोबत्यांना वर उडालेला दिसतो! खरे तर तोही खालीच येत असतो, फक्त हळू. पण त्याच्या वर कोणी असेल, तर जबर टक्कर होते. जीवही जाऊ शकतो. म्हणून वेग कमी करायचा झाला, तरी कुशल माणूस आडवा होत नाही. तो उलटाच राहून हातपाय थोडे फाकवतो. वाढवायचा असेल, तर जवळ घेतो. नवशिके हा सराव एकट्याने किंवा शिक्षकासोबतच करतात.