परतीची शिदोरी

मुलांनो, शिवछत्रपतींनी १६५७ साली कल्याण घेतले आणि तेथील खाडीत गलबते बांधविली. शीड उभारण्यापूर्वी तांडेल वाऱ्याची दिशा पाहत असे. समुद्रावर ड्रोन उडविणाऱ्यालाही हीच सावधगिरी बाळगावी लागते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याने २०२५ साली बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवण्यास आरंभ केला.

समजा, ड्रोनचा वेग ताशी ३६ किलोमीटर आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे ताशी १८ किलोमीटर वेगाने वारा वाहत आहे. जाताना दोन्ही वेगांची बेरीज होते. १,८०० मीटरांची वाट दोन मिनिटांत सरते. परतताना वजाबाकी होते आणि त्याच वाटेस सहा मिनिटे लागतात. म्हणजे बॅटरीचा एक भाग जाण्यास, तर तीन भाग येण्यास हवेत. अर्धी बॅटरी संपेपर्यंत जो पुढेच जाईल, त्याचे ड्रोन बुडालेच म्हणून समजा. लाटांवर विसावा कोठून मिळणार?

दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो. तेव्हा जाताना कष्ट पडतात. पण परतताना तोच वारा साह्य करतो. पुढे जाण्याचा उत्साह सर्वांनाच असतो. परतीची शिदोरी राखून ठेवतो, तोच खरा शहाणा.

स्वाध्याय : वारा ताशी ३६ किलोमीटर झाला, तर ड्रोन परत येईल काय? कारण सांगा.