बाबेलचा मनोरा आणि आपल्या भाषा
(बायबल अभ्यास : उत्पत्ती ११:१-९)



बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. तिच्यावर पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६३ साली काढलेले चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. चित्रात नदी, बंदर, शहर, दूरवर पसरलेला मुलूख, आणि माणसे मात्र मुंगीएवढी. डाव्या कोपऱ्यात तेवढा राजा मोठा दिसतो. पाथरवट त्याच्यापुढे गुडघे टेकून आहेत. मनोऱ्याच्या मूळ गोष्टीत राजा नाही. दहाव्या अध्यायात निम्रोदाच्या राज्याचा आरंभ बाबेलला झाला असे आहे, त्यावरून परंपरेने त्याला इथे आणले.

आता मनोरा पाहा. शेंडा ढगात गेला, पण खालचे मजले अजून अपुरेच! कमानी ओळंब्यात नाहीत, चढत्या वाटेच्या उताराला धरून उभारल्या आहेत; म्हणून सगळे बांधकाम शहराच्या अंगाला कलले आहे. आपल्याकडचा कोणताही गवंडी हे पाहताच काम थांबवील. चित्रात वीज पडत नाही, भूकंप होत नाही. बायबलमध्येही परमेश्वर मनोरा पाडत नाही. आकाशाला भिडणारी ती इमारत पाहायला त्याला खाली उतरावे लागते, आणि पुढे बांधकाम नुसते थांबते.

मग अनेक भाषा ही शिक्षाच का? देगलूरकरांना हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच दुकानात ऐकू येतात. मला वाटते, दहावा अध्याय आधी वाचावा. तिथे नोहाचे वंशज आपापल्या देशांत, आपापल्या भाषांसह नांदताना दिसतात, आणि त्याबद्दल दोषाचा एक शब्दही नाही. बाबेलच्या लोकांना स्वतःचे नाव करायचे होते, पांगायची भीती होती. गर्व तिथे आहे.

ब्रॉयगेलने ज्या अँटवर्पमध्ये बरीच वर्षे काम केले, तिथेच त्याच्या हयातीत पाच भाषांतील बायबल छापायला सुरुवात झाली. त्याची प्रत गोव्याहून गेलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १५८० साली अकबराला दिली. त्याच सुमारास गोव्यात आलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले.

या आठवड्यात घरी प्रेषितांची कृत्ये २:१-१३ वाचावे. पवित्र आत्मा उतरला तेव्हा सगळ्यांची भाषा एक झाली, की प्रत्येकाला आपल्याच भाषेत ऐकू आले, हे मुलांना शोधायला सांगावे.