गोदाकाठ किती तुटतो? स्वतः मोजा, मग राखा

तीर्थपुरी परिसरातले ओढे असोत की घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण कडेने वाहणारी गोदावरी, पावसाळा सरला की काठच्या शेतात एकच प्रश्न असतो: यंदा किती जमीन गेली? त्याचं उत्तर अंदाजानं देऊ नका, टेपानं द्या. काठ किती सरकला हे पक्क्या खुणेपासून अंतर मोजूनच कळतं. आपण तेच करणार आहोत. चला, पायरीपायरीनं करू. क्रम मात्र बदलू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

हाताशी काय घ्याल

५० मीटरचा टेप, लोखंडी सळईचे हातभर लांबीचे १२ तुकडे, लाल आणि पांढरा ऑइलपेंट, हातोडा, ३ मीटरचा सरळ बांबू, सुतळी, मूठभर वजनाचा दगड, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल आणि मोबाइल. सोबत एक माणूस हवाच. एकट्यानं काठावर जायचं नाही, मग पोहायला कितीही चांगलं येत असो.

मे महिना: खुणा पक्क्या करा

१. मोजायचा तुकडा निवडा. काठाची १०० मीटर लांबी पुरे. नदीच्या वळणाची बाहेरची बाजू धरा, पाण्याचा मार तिथेच बसतो.

२. काठाची कड ओळखा. सपाट शेत संपून उतार सुरू होतो ती रेघ म्हणजे कड. इथेच बहुतेकांची गफलत होते: पाण्याची रेघ म्हणजे कड नव्हे. राजाटाकळी, जोगलादेवी, मंगरूळ इथल्या बंधाऱ्यांमुळे पाणी वर-खाली होत राहतं आणि त्यावरून मोजलं की आकडे खोटे येतात.

३. कडेपासून १५ मीटर आत, काठाला समांतर सुतळी ताणा. कड वेडीवाकडी असली तरी सुतळी सरळच ठेवा.

४. सुतळीवर दर २० मीटरला एक सळई ठोका. १०० मीटरमध्ये अशा ६ सळया बसतील. वर वीतभरच टोक राहू द्या. नांगर किंवा रोटाव्हेटर लागेल अशी जागा असेल तर सळई बांधावर घ्या.

५. प्रत्येक सळईच्या मागे आणखी ५ मीटरवर दुसरी सळई ठोका. या दोन सळया एका रेषेत धरल्या की दर वेळी टेप त्याच दिशेनं जातो. ही जोडी नसेल तर टेप तिरका पडतो आणि न तुटलेला काठही तुटल्यासारखा दिसतो.

६. पुढच्या सळयांना लाल, मागच्यांना पांढरा रंग द्या. मग १ ते ६ क्रमांक घाला. क्रमांक नेहमी वरच्या अंगाकडून, म्हणजे पाणी येतं त्या बाजूनं.

७. बांबूच्या टोकाला टेपाचं शून्य बांधा. गाठ सरकत नाही ना, ओढून पाहा.

८. सोबत्याला लाल सळईपाशी उभं करा आणि तुम्ही बांबू जमिनीवरून कडेकडे सरकवा. टोक कडेला टेकलं की थांबा. तुमचे पाय कडेपासून निदान २ मीटर मागेच हवेत. काळ्या जमिनीत कडेला समांतर लांब भेग दिसली, तर त्या भेगेच्याही २ मीटर मागे राहा. भेगेपलीकडची माती पडायच्या बेतात असते.

९. सोबत्यानं मोठ्यानं वाचलेलं अंतर लगेच वहीत लिहा. तारीख, सळईचा क्रमांक, मीटर-सेंटिमीटर. ‘नंतर लिहू’ म्हटलं की दोन सळयांचे आकडे हमखास अदलाबदल होतात.

१०. काठाची उंची घ्या. बांबूच्या टोकावरून सुतळीला बांधलेला दगड खाली सोडा, पायथ्याला टेकला की आपल्या हातापाशी सुतळीला गाठ मारा, वर ओढून लांबी मोजा आणि त्यातून हातापासून बांबूच्या टोकापर्यंतचं अंतर वजा करा. उंची बघायला वाकून खाली डोकावू नका.

११. प्रत्येक लाल सळईपाशी उभं राहून कडेच्या दिशेनं एक फोटो काढा. फोटोत सळईचा क्रमांक दिसलाच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी सगळे फोटो सारखेच वाटतात.

१२. काठावर कोण राहतं ते टिपा. उभ्या दरडीत गोल बिळं दिसली तर ती बहुधा खंड्याची किंवा वेड्या राघूची घरटी असतात. कुठे करंज, उंबर, जांभूळ, निरगुडी उभी आहे, कुठे कासव वाळूत येतं, कुठून जनावरं पाण्यावर उतरतात, सारं लिहा. बिळात काठी घालून पाहू नका, उन्हाळ्यात आत पिल्लं असू शकतात.

१३. माणसाच्या हातानं झालेली इजा वेगळ्या पानावर नोंदवा. वाळू उपशाचे खड्डे, काठावरून उतरलेली ट्रॅक्टरची वाट, शेतातलं पाणी थेट कडेवरून पडून झालेली घळ. उपसा चालू दिसला तर तिथे वाद घालू नका. जागा व तारीख लिहून तलाठी किंवा तहसील कार्यालयाला लेखी कळवा.

जून ते सप्टेंबर: सोपी कामं उरका, पाण्यापासून लांब राहा

१४. कडेपासून ५ मीटरची पट्टी नांगरायची सोडून द्या. तिथलं गवत आणि झुडपं काढू नका, त्यांची मुळं फुकटात काम करतात.

१५. शेतातलं पाणी कडेवरून पडतं तिथे छोटा बांध घाला. सांडव्याला दगड लावून पाणी एकाच जागेवरून सावकाश उतरवा. बांधाला सांडवा ठेवला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात बांधही जातो आणि घळही वाढते.

१६. जनावरांना उतरायला एकच वाट ठरवा. चार ठिकाणांहून उतरली की चार ठिकाणी काठ मोकळा होतो.

१७. जायकवाडी धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली की मोजणी बंद करा. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या विसर्गानं गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं, तेव्हा या सूचनेकडे काणाडोळा नको.

१८. पूर उतरल्यावर लगेच काठावर जाऊ नका. पाणी झपाट्यानं ओसरतं तेव्हा भिजून जड झालेल्या दरडीचा आधार निघून जातो आणि ती तेव्हाच कोसळते. काठ वाळू द्या, मग जा.

१९. पुराची रेघ खुणेनं धरून ठेवा. झाडाच्या बुंध्यावर चिखल किंवा काडीकचरा जिथवर अडकला असेल तिथे रंगाची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दोन पाऊस झाले की चिखल धुऊन जातो, म्हणून हे काम टाळू नका.

नोव्हेंबर: पुन्हा मोजा, हिशेब मांडा

२०. पायरी ७ ते ११ जशाच्या तशा पुन्हा करा. त्याच सळया, तोच टेप, तोच बांबू. सळई वाहून गेली असेल तर मागच्या पांढऱ्या सळईपासून मोजा, त्यातून ५ मीटर वजा करा आणि वहीत तसं लिहा.

२१. मेच्या अंतरातून नोव्हेंबरचं अंतर वजा करा. उदाहरणार्थ, सहा सळयांपाशी फरक आला ०.३, ०.५, १.८, २.४, १.४ आणि ०.८ मीटर. १० सेंटिमीटरच्या आतला फरक तुटल्यात धरू नका, तेवढं टेपाच्या ताणानंही होतं.

२२. सरासरी काढा. बेरीज ७.२, भागिले ६, म्हणजे १.२ मीटर.

२३. गेलेली जमीन गुंठ्यात काढा. १.२ गुणिले १०० मीटर म्हणजे १२० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास १.२ गुंठे.

२४. गेलेली माती ब्रासमध्ये काढा. काठ ३ मीटर उंच असेल तर १२० गुणिले ३, म्हणजे ३६० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटर, तेव्हा सुमारे १२७ ब्रास. हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. ‘काठ तुटतोय’ म्हणण्यापेक्षा तो जास्त ऐकला जातो.

२५. गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी उपग्रह चित्रं पाहा. उन्हाळ्याचं चित्र उन्हाळ्याशीच ताडा. पावसाळ्याशी ताडलंत तर फुगलेलं पात्र पाहून उगाच घाबराल.

२६. सळयांचे तीन गट करा. फरक १० सेंटिमीटरच्या आत असेल तर स्थिर, मीटरभरापर्यंत असेल तर हळू तुटणारा, त्याहून जास्त असेल तर वेगानं तुटणारा. वरच्या उदाहरणात ३, ४ आणि ५ क्रमांकाच्या सळया तिसऱ्या गटात येतात.

पुढचा जून: आता लागवड

२७. स्थिर तुकड्याला हात लावू नका. आहे तो झाडझाडोरा राखणं हीच तिथली लागवड. पक्ष्यांची बिळं असलेली दरडही तशीच ठेवा.

२८. हळू तुटणाऱ्या तुकड्यात कडेच्या आत वाळ्याची ओळ लावा. दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. अंतर वाढलं की मधल्या फटीतून माती निसटते.

२९. वाळ्याच्या मागे निरगुडी लावा. त्यामागे, कडेपासून ५ मीटर सोडून, करंज, जांभूळ, उंबर. मोठं झाड अगदी कडेवर लावू नका, दरड पडताना त्याचं वजन आणखी माती घेऊन जातं. वेडी बाभूळ आणि बेशरम लवकर वाढतात म्हणून मोहात पडू नका, पुढे त्या दुसरं काही उगवू देत नाहीत.

३०. वेगानं तुटणाऱ्या तुकड्यासाठी वही, फोटो आणि हिशेब घेऊन ग्रामपंचायतीमार्फत जलसंपदा विभागाकडे अर्ज करा. स्वतः दगड टाकू नका. चुकीच्या जागी टाकलेला दगड धार वळवतो आणि शेजाऱ्याचा काठ तोडतो. तोवर मोटार, पाइप आणि गोठा कडेपासून मागे घ्या.

३१. दर मे आणि नोव्हेंबरला मोजणी चालू ठेवा. घरातल्या शाळकरी मुलांना सळईपाशी उभं करून आकडे वाचायला लावा, कडेकडचं काम मात्र मोठ्यांनीच करा. जमिनीच्या नुकसानीचा पंचनामा होईल तेव्हा तारखेवार भरलेली ही वही तुमच्या बाजूनं बोलेल. आणि वाळ्याच्या ओळीमागचा फरक वर्षागणिक कमी होताना दिसला, की शेजारच्या शेतकऱ्यालाही टेप आणि बांबू घेऊन आपल्यासोबत काठावर आणा.