बैठक चालविणाऱ्याची पूर्वतयारी

गावोगावी ज्ञानेश्वरीच्या चिंतनाच्या बैठका चालतात. त्या चालविण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडते, ते आम्हांस पुष्कळदा विचारतात, "महाराज, तयारी काय करावी?" त्यांच्यासाठी हे चार शब्द.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की कीर्तन वेगळे, बैठक वेगळी. कीर्तनात एकाने सांगायचे नि इतरांनी ऐकायचे. बैठकीत इतरांना बोलते करायचे असते. कीर्तनाची तयारी करून बैठकीला गेले की बैठकीचेच कीर्तन होते. मंडळी माना डोलावतात आणि आली तशी घरी जातात.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी पाहण्याची रीत आहे. तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात. विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध हे ते चार. बैठकीची तयारीही याच चार पायांवर उभी करावी.

विषय : बाराव्या अध्यायाच्या ओव्या २४७. त्या एका बैठकीत उरकू पाहाल तर वाचन होईल, चिंतन व्हायचे नाही. दहाच ओव्या घ्याव्या, पण त्यांतले जुने शब्द आधी उलगडून ठेवावे.

प्रयोजन : उठताना माणसाने काय बरोबर न्यावे, ते एका वाक्यात लिहून काढावे. लिहिता येत नसेल तर तयारी झाली नाही, असे खुशाल समजावे.

अधिकारी : म्हणजे येणार कोण? वाचता न येणारी आजी, दिवसभर रानात राबलेला गडी, कॉलेजातला पोरगा. यांची आधी विचारपूस करावी. सर्वांची तोंडे दिसतील असे गोल बसवावे. गुडघे धरलेल्यास खुर्ची द्यावी आणि पोथी दिसेल इतका उजेड ठेवावा.

संबंध : ओवी आणि आपले घर यांचा सांधा प्रश्नाने जुळतो. "समजले ना?" हा प्रश्नच नव्हे, त्याला सगळे होच म्हणतात. भक्त कोणाचा द्वेष करीत नाही, असे हा अध्याय सांगतो. मग बांधावरून भावाशी बोलणे तुटले असेल, तर पहिला शब्द कोणी टाकावा? असे तीन प्रश्न लिहून न्यावे.

प्रश्न टाकला की आपण गप्प बसावे. हेच सर्वांत अवघड. शांतता पडली म्हणून लगेच उत्तर देऊ नये. नेहमी पुढे होऊन बोलणाऱ्याकडे टिपण लिहिण्याचे काम द्यावे. बुजऱ्यांना आधी शेजाऱ्याशी बोलू द्यावे, मग सर्वांत.

दीड तास असेल तर वाचनाला १० मिनिटे, अर्थाला २०, दोघादोघांत बोलायला १५, सर्वांच्या चर्चेला ३५ आणि समारोपाला १० अशी वाटणी बरी पडते. समारोपात आपण प्रवचन लावू नये. ज्याला जे पटले ते त्याने एका वाक्यात सांगावे, आणि पुढच्या खेपेस वाचणार कोण तेही तेथेच ठरवावे.

एवढा खटाटोप कशासाठी? खांबाआड बसलेली एखादी माउली दोन महिने मुकाट्याने ऐकते आणि मग यायची थांबते. कोणाच्या ते ध्यानीही येत नाही. अध्यायात जे सांगितले, ते कदाचित तिने जन्मभर निभावलेले असते. पण तिला कोणी विचारलेच नाही! अशी माणसे गमावू नयेत, म्हणून ही तयारी. इत्यलम्.