मुलांच्या लेखनास वाचक : ब्लॉगचा वर्गातील उपयोग

इयत्ता तिसरी-चौथीच्या निबंधवह्या चाळल्या असता एक गोष्ट सहज लक्षात येते. ‘माझा गाव’ या विषयावर तीस मुलांनी लिहिलेले तीस निबंध बहुधा एकच असतात. गाव सुंदर असतो, गावात मंदिर असते, लोक गुण्यागोविंदाने नांदतात. प्रत्येक मुलाची वाट निराळी, विहीर निराळी. पण वहीत त्याचा मागमूस नसतो. हा मुलांच्या बुद्धीचा दोष नव्हे. गुरुजींना गाव ठाऊकच असतो, आणि ते वही वाचतात ती चुका शोधण्यासाठी. ज्याला काही सांगावे असा वाचकच नसेल, तर मूल फळ्यावरचे उतरवून घेते. ब्लॉगसारख्या साध्या साधनाचा प्राथमिक शाळेत खरा उपयोग असेल, तर तो ही उणीव भरून काढण्यात आहे.

हा विचार नवा नाही. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने हा शिक्षक पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम होऊन परतला. त्यास फार वेळ बोलणे झेपत नसे. बार-सुर-लू या खेड्यातील शाळेत तो मुलांना बाहेर फिरावयास नेई व पाहिलेले त्यांच्याच शब्दांत लिहून घेई. १९२४ च्या सुमारास त्याने एक लहानसे हातछपाईचे यंत्र वर्गात आणले. मुले खिळे जुळवून आपले लेख छापू लागली आणि ती पाने ब्रिटनी प्रांतातील एका शाळेकडे जाऊ लागली. तिकडची पाने इकडे येऊ लागली. लिहिलेले कोणी अनोळखी मूल वाचणार, एवढ्या जाणिवेने लेखनास अर्थ आला. आज छपाईयंत्राचे काम शिक्षकाच्या खिशातील मोबाइल करू शकतो.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरील असे पान की, ज्यावर नवे लेखन वर व जुने खाली अशा क्रमाने साठत जाते, आणि वाचकास खाली अभिप्राय लिहिता येतो. महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शिक्षकांनी असे ब्लॉग चालविले आहेत. शासननिर्णय, चाचण्या, स्वाध्याय त्यांवर मिळतात व त्यांची मदतही होते. परंतु ते शिक्षकांनी शिक्षकांसाठी केलेले काम होय. येथे विचार आहे तो मुलांनी मुलांसाठी लिहिलेल्या पानाचा.

नमुना पाठ

इयत्ता : चौथी. विषय : मराठी व परिसर अभ्यास. घटक : आमच्या गावचे पाणी. काळ : तीन आठवडे, दर आठवड्यास दोन तासिका.

पहिला टप्पा निरीक्षणाचा. मुलांनी विहीर, ओढा, हातपंप, नळकोंडाळे पाहावे. घरातील वडीलधाऱ्यांस पूर्वीच्या पाण्याविषयी विचारावे. दुसरा टप्पा लेखनाचा. प्रत्येकाने वहीत आठ-दहा ओळी लिहाव्यात. या वेळी मोबाइल वर्गात काढू नये. तिसऱ्या टप्प्यात मुलांनी जोडीजोडीने लेख वाचावेत आणि जे समजले नाही ते विचारावे. चौथ्या टप्प्यात निवडक लेख प्रथम भित्तिपत्रकावर व नंतर ब्लॉगवर घ्यावेत. निवड आळीपाळीने करावी, म्हणजे वर्षभरात एकही मूल वगळले जाणार नाही.

पाचवा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या जिल्ह्यातील एका शाळेशी आधीच बोलणे करून ठेवावे. समजा, माण तालुक्यातील मुलाने लिहिले की, उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी कमी होते. गुहागर तालुक्यातील मुलीने विचारले, कमी म्हणजे किती? पोहरा तरी बुडतो का? मुलगा घरी विचारतो. आजोबा पाणी परसात सांगतात. एक परस म्हणजे किती, हे वर्गात कळते. मोठ्या माणसास बरोबर घेऊन दोरीला वजन बांधून खोली मोजली जाते आणि लेख पुन्हा लिहिला जातो. भाषा, मापन व भूगोल हे तिन्ही विषय त्या एका प्रश्नाने हाती लागतात. हाच प्रश्न लाल शाईने विचारला असता, तर मुलास ती चूक वाटली असती.

ऊसतोडीस आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचा येथे अगत्याने विचार व्हावा. अशा मुलास शिक्षण हमी कार्ड देणे व नव्या ठिकाणी जवळच्या शाळेत त्याचा प्रवेश होईल असे पाहणे हे प्रथम कर्तव्य आहे. ब्लॉग हा त्यास पर्याय नव्हे. तथापि बापाच्या मोबाइलवर आपल्या वर्गाचे पान दिसले, आणि फडावरून पाठविलेल्या चार ओळी त्या पानावर आल्या, तर शाळेशी असलेला धागा तुटत नाही.

काही व्यावहारिक सूचना

मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नाही. टंकनास वेळ नसल्यास वहीच्या पानाचे स्वच्छ छायाचित्र पुरे आहे. बोलून टंकित करण्याची सोय शिक्षकाने स्वतःच्या कामास वापरावी. मुलाचे लेखन मुलाच्या हातूनच व्हावे. मुलाची बोली सुधारून तिचे पाठ्यपुस्तक करू नये. शुद्धलेखन मुलाकडूनच दुरुस्त करून घ्यावे.

मुलाचे पूर्ण नाव, चेहरा, घराचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक पानावर कधीही देऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरास पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. म्हणून पालकसभेत पान दाखवून लेखी संमती घ्यावी. शक्यतो निमंत्रित वाचकांपुरतेच पान खुले ठेवावे, आणि प्रत्येक अभिप्राय शिक्षकाने वाचल्यावरच प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था करावी.

मूल्यमापन

ब्लॉगवर किती लेख चढविले, किती लोकांनी पाहिले, यांवरून या कामाची पारख होत नाही. संख्या मागितली की संख्या भरते. मग शिक्षकच मुलांच्या नावाने लिहू लागतो आणि मूल पुन्हा उतरवून घेण्याकडे वळते. केंद्राच्या शिक्षण परिषदेस येताना शिक्षकाने दोन-तीन मुलांच्या वह्या आणाव्यात. पहिला लेख व प्रश्न आल्यानंतरचा लेख शेजारी ठेवून वाचावा. दुसऱ्या लेखात मुलाची स्वतःची विहीर दिसू लागली असेल, तर पाठ साधला. ती दिसत नसेल, तर पानाची सजावट कितीही चांगली असली तरी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून, मुलांना विहिरीपाशी नेऊन, आरंभ करावा.