मागच्या एक्सलचे कानमंत्र

पोरा, जुनी जीप घेतलीस, इंजिन उतरवलंस, आता मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, घालायचा म्हणतोस. घाल. पण ‘सगळ्यात मजबूत कुठला?’ असं दुकानदाराला विचारू नकोस, तो सगळ्यात महागडा काढून दाखवील. आधी म्हाताऱ्याच्या चार गोष्टी ऐकून घे.

आधी काम ठरव. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. खाडीकाठच्या गाळात एक चाक रुतलं, की त्याला फिरायला जेवढा थोडा जोर पुरतो तेवढाच कोरड्यातल्या चाकाला मिळतो. मग एक गरगरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. लिमिटेड-स्लिप चाकांच्या वेगातला हा फरक आवरतो. पण पावसाळ्यात मुरब्याहून बोईसरच्या एमआयडीसीत रोज ये-जा करायची, शेताच्या बांधावरून जायचं, की ट्रॅकवर पळवायची, या तिन्हींचं उत्तर एक नाही.

प्रकार समजून घे. प्लेटांचा एलएसडी क्लचसारखा काम करतो. स्प्रिंगचा दाब आधीपासून असल्यामुळे चाक हवेत गेलं तरी तो थोडं धरून ठेवतो. ट्रॅकवाल्यांचा हाच आवडता. पण प्लेटा झिजतात, ठरावीक काळाने खोलून बदलाव्या लागतात. गिअरवाल्याला कुणी हेलिकल म्हणतात, टॉर्सेनही त्याच जातीचा. त्यात प्लेटा नाहीत, झीज कमी आणि चालताना सौम्य. मात्र तो फक्त गुणाकार करतो: गुणोत्तर २.५ असेल तर पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या अडीचपट जोर देऊ शकतो. चाक पूर्ण हवेत असलं, तर शून्याची अडीचपटही शून्यच. तेव्हा ब्रेकवर हलका पाय ठेवून ॲक्सिलरेटर द्यावा, म्हणजे हवेतल्या चाकाला विरोध मिळतो आणि दुसऱ्याला जोर पोचतो.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या गाड्यांतच आहे. २०१५ च्या थारमध्ये आणि २०२१ च्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये महिंद्राने मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दिलं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं उघडतात, खटका बसतो आणि एक्सल लॉक होतो. बटण नाही, वायर नाही. वेग वाढल्यावर तो लॉक होत नाही, म्हणून रोजच्या वापराला बरा. चौथा म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा पूर्ण लॉकर. डोंगराळ वाटेवर त्याला तोड नाही, पण कोरड्या डांबरी वळणावर तो लावून ठेवलास तर टायर घासतात आणि एक्सलवर ताण येतो.

माझा सल्ला सरळ आहे. रस्ता आणि चिखल दोन्ही असतील तर आपोआप लॉक होणारा. पुढच्या चाकांवर चालणारी मारुती असेल तर गिअरवाला, कारण प्लेटांचा कडक एलएसडी स्टिअरिंग हातातून ओढतो. फक्त ट्रॅक असेल तर प्लेटांचा.

बाकीचा एक्सल बघ. नांगर जाड आणि दोर कुजका, असली होडी कुणी समुद्रात नेत नाही. आता सगळा जोर एकाच बाजूच्या एक्सल शाफ्टवर येऊ शकतो. त्यामुळे शाफ्ट, त्यावरच्या खाचा, बेअरिंग, क्राउन-पिनियन हे आधी तपास. खाचांची संख्या जुळलीच पाहिजे. काही एक्सलमध्ये गिअरच्या गुणोत्तराप्रमाणे आतलं घरही बदलतं. डॅना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरं लागतं. नंबरची पट्टी वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस.

जुना माल घेताना हात लावून बघ. दोन्ही मागची चाकं उचल, गिअर न्यूट्रलला ठेव, एक चाक हाताने फिरव. दुसरं उलटं फिरलं तर साधं डिफरन्शियल किंवा प्लेटा गेलेला एलएसडी. प्लेटांचा चांगला असेल तर दोन्ही एकाच दिशेने फिरतात. गिअरवाला मात्र चांगला असूनही उलटा फिरू शकतो, त्याला या परीक्षेवर नापास करू नकोस.

बसवणं हे निम्मं काम. क्राउन-पिनियनमधली फट शिम घालून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवतात. कंपनीच्या पुस्तकातलं माप घे, डायल गेज लाव, दातांना रंग लावून ठसा बघ. बोईसरला चांगले टर्नर-फिटर आहेत, पण ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याकडे एक्सल देऊ नकोस. अशा जोडणीत महागडा एलएसडीही घरघर करतो आणि दात खातो.

तेल आणि खारं पाणी. बनवणाऱ्याने सांगितलेल्या दर्जाचंच गिअर तेल घाल. प्लेटा असतील तर त्यांच्यासाठीचं घर्षण कमी करणारं मिश्रण लागतं, नाहीतर वळणावर कटकट आवाज येतो. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून हवेची नळी वर, बॉनेटपर्यंत ने. खाडीच्या पाण्यातून गेलास की प्लग काढून तेल बघ, दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदल.

हे कधीच करू नकोस. एलएसडी असलेली गाडी एक चाक जॅकवर आणि दुसरं जमिनीवर ठेवून गिअरमध्ये चालवू नकोस, ती जॅकवरून उडी मारते. मागचे दोन टायर वेगवेगळ्या मापाचे किंवा झिजेचे लावू नकोस, त्याने एलएसडी सतत काम करतो आणि तापतो. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-मासळीचं पाणी असतं. तिथे दोन्ही चाकं एकदम सुटली तर मागची बाजू फिरते, तेव्हा पाय आवर. आणि किनाऱ्यावर गाडी घालून दाखवण्याचा मोह टाळ. भरती एलएसडी बघून थांबत नाही.

कागदही सांभाळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. पैसे देण्याआधी एमएच ४८ च्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घे.

पैशाचं शेवटचं सांगतो. बजेट १० रुपये असेल तर ४ एलएसडीवर, बाकीचे ६ शाफ्ट, बेअरिंग, टायर आणि चांगल्या मिस्त्रीवर घाल. एवढं जमत नसेल तर यंदा चांगले टायर घे आणि एलएसडी पुढच्या वर्षी घाल.